पडायला शिकलेले पैलवान

सुरतच्या लिंबायतमधल्या मुलांना दोन कुस्त्या चांगल्या ठाऊक असतात.

पहिली सुट्टीत भेटते. उधन्याला भुसावळकडे जाणारी गाडी पकडायची, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत मामाच्या गावी उतरायचं आणि गावात जत्रा असेल तर कुस्त्यांच्या दंगलीत अगदी पुढे जाऊन बसायचं. माती अंगावर उडते, एकाची पाठ जमिनीला लागते आणि सगळं मैदान एकदम ओरडतं. आपल्या खानदेशात या खेळाचा मान मोठा आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी ओळीने तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, हे तुमच्या मामाने तुम्हाला एकदा तरी सांगितलेलं असणार.

दुसरी कुस्ती टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर दिसते. दिवे, धूर, गाणी आणि आरडाओरडा असलेली डब्ल्यूडब्ल्यूई. आसुका, इयो स्काय, शिनसुके नाकामुरा ही नावं तुम्ही तिथेच ऐकली असतील. पण ही मंडळी तिथे घडलेली नाहीत. ती घडली जपानमध्ये, आणि आज मला तुम्हाला तिकडेच न्यायचं आहे. जपानच्या व्यावसायिक कुस्तीला तिथले लोक पुरोरेसू म्हणतात. मला मनापासून वाटतं की गावची दंगल पाहिलेल्या मुलाला ही कुस्ती सगळ्यांत लवकर कळेल. फक्त बघताना एक सवय लावून घ्यायची. जिंकलं कोण हे नंतर बघायचं, आधी बघायचं कोण कसं पडलं.

पडण्याकडे वळण्याआधी या पैलवानांची सकाळ बघू या. जपानी तालमीला दोजो म्हणतात. दोजोत शिकायला आलेला मुलगा लगेच डावपेचांकडे वळत नाही. तो काय करतो? बैठका! शेकडो बैठका, एका दमात. टाचा उचलून खाली बसायचं, हात मागून पुढे झुलवत वर यायचं, आपल्या आखाड्यात मारतात तशाच. जपानी पैलवान या व्यायामाला ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात, आणि आपल्या जोरांना ‘हिंदू पुश-अप’. टोकियोतल्या दोजोत घाम गाळणारा पोरगा रोज सकाळी आपल्या मातीतला व्यायाम करत असतो!

बैठकाच का बरं? मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या स्नायूंपैकी आहेत. ते सतत काम करू लागले की त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. मग हृदयाला वेगाने रक्त पोचवावं लागतं आणि फुप्फुसांना भराभर श्वास घ्यावा लागतो. म्हणजे एकाच व्यायामात पाय, हृदय आणि दम तिन्ही तयार होतात आणि साहित्य काहीच लागत नाही. जपानमध्ये मोठी लढत अर्धा अर्धा तास चालते. पंचविसाव्या मिनिटाला समोरच्या शंभर किलोच्या माणसाला उचलायचं असतं, तेव्हा ताकद दंडातून येत नाही, मांड्यांतून येते.

बैठकांवर जिवापाड विश्वास असलेला एक गुरू होता. त्याचं नाव कार्ल गॉच. जन्म बेल्जियममधला, पण जपानमध्ये लोक त्याला ‘कुस्तीचा देव’ म्हणायचे. त्याचा शिष्य अंतोनियो इनोकी. या इनोकीने १९७२ साली ‘न्यू जपान प्रो-रेसलिंग’ ही कंपनी काढली. आज जपानमधली ती सगळ्यांत मोठी कुस्ती कंपनी आहे. तिचा पहिला कार्यक्रम ६ मार्च १९७२ रोजी झाला. शेवटच्या, सगळ्यांत महत्त्वाच्या लढतीत स्वतः इनोकी उतरला, समोर होता गॉच. कोण जिंकलं असेल? गॉच! स्वतःच्या कंपनीच्या पहिल्याच कार्यक्रमात मालक हरला आणि गुरू जिंकला. मला ही गोष्ट फार आवडते.

मराठी मातीची आणि जपानची गाठ मात्र त्याच्याही वीस वर्षं आधी पडलेली आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारतातल्या खेळाडूने एकट्याच्या खेळात मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. पण त्याच वजनगटात सुवर्णपदक कोणाला मिळालं, हे सहसा कोणी सांगत नाही. ते मिळालं जपानच्या शोहाची इशीला. इशी मुळात ज्यूदोचा खेळाडू. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्णपदक. खाशाबांची इशीशी लढत झाली आणि इशी गुणांवर जिंकला. एक मातीत तयार झालेला, दुसरा ज्यूदोच्या चटयांवर पडून उठून तयार झालेला, आणि दोघे समोरासमोर आले ते गादीवर. पुढे १९६४ मध्ये ऑलिंपिक टोकियोतच भरलं, तेव्हा आपले हिंदकेसरी गणपतराव आंदळकर तिथे लढायला गेले होते.

या झाल्या खऱ्या स्पर्धेच्या कुस्त्या. पुरोरेसूची गोष्ट रिकिदोझान नावाच्या माणसापासून सुरू होते. तो मूळचा कोरियातला, आधी सुमो पैलवान होता. १९५४ च्या फेब्रुवारीत त्याने एका जोडीदाराला घेऊन शार्प नावाच्या दोन आडदांड भावांशी लढत दिली. जपानमध्ये टीव्ही सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं आणि घरात टीव्ही घेणं फारच थोड्यांना परवडायचं. म्हणून टीव्ही कंपनीने चौकाचौकांत, स्टेशनांबाहेर टीव्ही लावले. एकेका टीव्हीसमोर हजारो माणसं उभी! तुमच्या आजीला विचारून बघा, १९८७ मध्ये रामायण लागायचं तेव्हा एका टीव्हीसमोर सगळी गल्ली कशी जमायची. त्या रामायणातला हनुमान कोण होता? दारा सिंग, म्हणजे पुन्हा पैलवानच.

दारा सिंगांच्या ज्या प्रतिस्पर्ध्याची नावानिशी आठवण भारतात अजून काढतात, तो किंगकाँग. दोनशे किलोच्या घरातला धिप्पाड गडी. हाच किंगकाँग १९५५ मध्ये जपानला गेला. तिथे आशियातल्या जोड्यांची स्पर्धा झाली आणि तिचा पहिला विजेतेपदाचा पट्टा जिंकला किंगकाँग आणि टायगर जोगिंदर सिंग या जोडीने. तो ‘ऑल एशिया टॅग टीम’ पट्टा आजही जपानमध्ये लढवला जातो. तिथे चालू असलेल्या सगळ्या पट्ट्यांमध्ये तो सर्वांत जुना आहे. आणि त्याच्या विजेत्यांच्या यादीत पहिल्याच ओळीत एक भारतीय नाव आहे!

आता आपल्या मुख्य गोष्टीकडे येऊ. पडणं.

आखाड्यातली लाल माती तुम्ही हातात घेऊन बघितली आहे का? वस्ताद ती रोज खणून भुसभुशीत करून घेतात. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असं काय काय मिसळतात. त्यामुळे पडणाऱ्या पैलवानाला माती थोडी आत घेते. जपानी रिंगणात माती नसते. साधारण सहा मीटर लांब-रुंद चौकोन, खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळसा फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. दिसायला गादी, पण आतून लाकूड. त्याच्यावर लोक दोन दोन मीटर उंचीवरून पाठीवर पडतात आणि उठून उभे राहतात. कसे काय?

थोडं गणित करू. कोपऱ्यातल्या खांबावरून उडी मारलेल्या पैलवानाचं अंग रिंगणापासून २ मीटर उंच असेल, तर खाली यायला त्याला ०.६४ सेकंद लागतात. तुम्ही ‘अरे बापरे’ म्हणेपर्यंत तो खाली. त्या क्षणी त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. हा वेग शून्यावर आणायचा आहे. तो किती अंतरात शून्य होतो, त्यावर सगळं अवलंबून आहे. शरीर २ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर जेवढा दणका बसेल, त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाच तो १० सेंटिमीटरमध्ये थांबल्यावर बसतो. क्रिकेटमध्ये जोरात आलेला चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता ना? हातांनी चेंडूला थांबायला जास्त जागा दिली म्हणून तळवे कमी झोंबतात. अगदी तेच. लाकडी फळ्या माणूस पडला की वाकतात, लोखंडी सांगाडाही किंचित लवतो, फोम दबतो. जागा मिळते.

पण बाकीचं काम पैलवानालाच करायचं असतं. त्याची विद्या ज्यूदोमधून आली आहे. ज्यूदो ही कला जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केली आणि तिच्यात पडण्याला स्वतंत्र नाव आहे, उकेमी. ज्यूदोच्या वर्गात नवा मुलगा आला की आधी त्याला उकेमी शिकवतात, पाडायला नंतर. पाठीवर पडताना हनुवटी छातीकडे ओढायची आणि नजर आपल्याच कमरेच्या पट्ट्यावर ठेवायची. का? मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. पाठ थांबली तरी डोकं मागे जातच राहतं आणि जमिनीवर आपटतं. हनुवटी आत घेतली की मान ते धरून ठेवते. मग दोन्ही हात बाजूला पसरून तळव्यापासून कोपराच्या वरपर्यंत जमिनीवर सपकन आपटायचे. त्यामुळे दणका एका ठिकाणी न बसता पाठ, खांदे, हात अशा मोठ्या भागावर वाटला जातो. शंभर किलोचं अंग एका कोपरावर पडलं तर हाड मोडेल. तेच पसरून पडलं तर त्वचा लाल होते आणि माणूस उठतो. शिवाय पडतानाच श्वास सोडायचा, म्हणजे छाती एकदम दबून दम कोंडत नाही.

आता एक युक्ती सांगतो. जपानी कुस्तीची एखादी लढत मोबाइलवर लावा, वेग निम्मा करा आणि आवाज बंद करा. पाडणाऱ्याकडे अजिबात बघू नका. पडणाऱ्याची हनुवटी बघा, मग हात, मग पाय. दुसऱ्यांदा बघताना पाडणाऱ्याचे हात बघा. फेकता फेकता त्याने समोरच्याची मान कशी सांभाळली आहे, कंबर कुठे धरली आहे, पडण्याआधी त्याला पूर्ण उताणं होऊ दिलं आहे का, हे सगळं दिसू लागेल. दोघांना मिळून एकाला सुखरूप पाडायचं असतं. हे एकदा दिसलं की तुम्ही चाहते झालातच.

इथे कोणीतरी नक्की म्हणेल, ‘पण ते सगळं खोटं असतं!’ प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर सरळ द्यायला हवं. हो, या कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. जत्रेतल्या दंगलीत असं झालं तर त्याला आपण नुरा कुस्ती म्हणतो आणि लोक चिडतात, ते योग्यच आहे. कारण तिथे खरा निकाल बघायला लोक आलेले असतात. पुरोरेसू बघणाऱ्या माणसाला मात्र निकाल ठरलेला असतो हे ठाऊक असतं. तो बघायला येतो ते अंग, दम, धाडस आणि गोष्ट. निकाल ठरवता येतो, गुरुत्वाकर्षण ठरवता येत नाही. २ मीटरवरून पडलेला माणूस २ मीटरवरूनच पडतो. इनोकीच्या परंपरेत तर फटकेही जोरात मारायची रीत आहे. उघड्या हाताने छातीवर मारलेल्या चपराकीचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि छाती खरोखर लाल होते. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावून तिथे जास्त रक्त येतं म्हणून ती लाल दिसते. तळवा रुंद असल्याने फटका पसरतो, आत खोल जात नाही. झोंबतं मात्र भयंकर.

आणि धोका खराच असतो. मित्सुहारू मिसावा हा जपानच्या सर्वांत लाडक्या पैलवानांपैकी एक. उकेमी करण्यात त्याच्या तोडीचे फार थोडे होते. १३ जून २००९ रोजी हिरोशिमात एका लढतीत, आधी असंख्य वेळा झेललेल्या अशाच एका डावात तो मागच्या बाजूला पडला आणि पुन्हा उठला नाही. त्याच रात्री तो गेला. म्हणून मी हात जोडून सांगतो, घरातल्या गादीवर, शाळेच्या मैदानावर, भावा-बहिणीवर यातला एकही डाव करून बघायचा नाही. शिकायचंच असेल तर ज्यूदोच्या वर्गात नाहीतर तालमीत वस्तादांसमोर. बैठका मात्र आजपासून मारा, त्यांना कोणाची ना नाही.

मिसावाच्या आठवणीने मन जड होतं, म्हणून आता एका गमतीच्या डावाकडे वळू. ‘जायंट स्विंग’मध्ये एक पैलवान खाली पडलेल्याचे दोन्ही पाय काखेत धरतो आणि स्वतःभोवती गरगर फिरू लागतो. धरलेला माणूस हवेत आडवा होऊन फिरतो आणि प्रेक्षक फेऱ्या मोजतात. गंमत अशी की सोडल्यावर दोघेही झिंगल्यासारखे चालतात! आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन छोट्या अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत पातळ द्रव असतो. आपण फिरत राहिलो की तोही फिरू लागतो. आपण थांबलो तरी तो लगेच थांबत नाही, आणि मेंदूला वाटतं अजून फिरणंच चालू आहे. डोळे म्हणतात थांबलो, कान म्हणतो फिरतोय. या भांडणात पाय लटपटतात.

हा डाव गाजवला हिरोशी हासेने. तो आधी शाळेत जुनं जपानी साहित्य शिकवायचा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो जपानकडून कुस्ती लढला, मग पुरोरेसूत आला, आणि पुढे काय झाला असेल? २०१५ मध्ये जपानचा शिक्षणमंत्री! २०२२ मध्ये तो इशिकावा प्रांताचा राज्यपाल म्हणून निवडून आला. लोकांना पाय धरून गरगर फिरवणारा माणूस देशाच्या शाळा सांभाळत होता.

मुखवट्यांचंही सांगायलाच हवं. १९६८ मध्ये जपानमध्ये ‘टायगर मास्क’ नावाची चित्रकथा सुरू झाली. तिचा नायक नाओतो दाते अनाथाश्रमात वाढलेला, वाघाचा मुखवटा घालून लढणारा आणि मिळालेले पैसे आश्रमातल्या मुलांना देणारा. चित्रकथा इतकी लाडकी झाली की २३ एप्रिल १९८१ रोजी वाघाचा मुखवटा घातलेला खराखुरा पैलवान टोकियोतल्या रिंगणात उतरला. मुखवट्याच्या आत होता सातोरू सायामा. तो कोलांट्या मारत असा उडायचा की लोकांनी तोवर तसलं काही बघितलंच नव्हतं. कोलांटी मारताना गुडघे छातीशी घेतले की अंग जोरात फिरतं आणि पाय लांब केले की फिरणं मंदावतं, हे भौतिकशास्त्र त्याच्या अंगात मुरलेलं होतं. आपलं सुरत हे कापडाचं शहर, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आई साडीला लेस आणि टिकल्या लावत असेल. तेव्हा जपानी पैलवानांचे झगे आणि मुखवटे बघताना शिवण आणि चमक जरूर निरखा. हातकामाची पारख तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असणार.

पण टायगर मास्कची सगळ्यांत सुंदर गोष्ट रिंगणाबाहेर घडली. २५ डिसेंबर २०१० रोजी माएबाशी शहरात मुलांसाठी काम करणाऱ्या एका सरकारी केंद्राच्या दारात कोणीतरी शाळेची दहा नवी कोरी दप्तरं ठेवून गेलं. सोबत चिठ्ठी आणि तिच्यावर नाव, नाओतो दाते! बातमी पसरली आणि जपानभर ठिकठिकाणी अनाथ मुलांसाठी दप्तरं, खेळणी, पैसे येऊ लागले, बरेचसे त्याच नावाने. चित्रकथेतला पैलवान खऱ्या मुलांची दप्तरं भरू लागला.

खलनायकांवरही तिथे लोक प्रेम करतात. पंजाबात जन्मलेला आणि कॅनडात गेलेला टायगर जीत सिंग १९७३ मध्ये जपानला पोचला. फेटा बांधून, तलवार दातांत धरून तो प्रेक्षकांत घुसायचा आणि लोक खुर्च्या सोडून पळायचे. इनोकीचा तो पक्का वैरी, अर्थात रिंगणातला. आज कॅनडातल्या मिल्टन गावात त्याच्या नावाची शाळा आहे.

मुलींनो, तुमच्यासाठी तर इथे भांडारच आहे. जपानमध्ये बायकांच्या कुस्तीची स्वतंत्र कंपनी १९६८ मध्येच उभी राहिली होती, आणि १९८० च्या दशकात ‘क्रश गॅल्स’ नावाच्या जोडीसाठी शाळकरी मुली सभागृहं डोक्यावर घ्यायच्या. आज ‘स्टारडम’ ही कंपनी बघा. इयो स्काय तिथूनच पुढे गेली.

आता खरी सुरुवात कशी करायची? मला विचाराल तर मोठ्या विजेत्यापासून करू नका. एखाद्या ‘यंग लायन’पासून करा. न्यू जपानच्या दोजोतल्या नवशिक्यांना हे नाव आहे. त्यांना काळी चड्डी आणि काळे बूट एवढंच घालता येतं. झगा नाही, मुखवटा नाही, चमचम नाही. डावही साधे, मोजके. दोजो झाडणं, मोठ्यांसाठी चांको नावाचा सुमो पैलवानांचा रस्सा शिजवणं, कपडे धुणं, हे सगळं त्यांच्याकडे. मोठ्या लढतीआधी पैलवानाचं नाव पुकारलं की प्रेक्षक रंगीत कागदी फिती फेकतात, त्या झटपट गोळा करायला हेच धावतात. आणि लढतीत ते हरतात. पुन्हा पुन्हा हरतात. मोठे पैलवान त्यांना पालथं पाडून पाय मागे दुमडतात आणि ते हात आपटून हार मानतात. पण प्रत्येक महिन्याला ते थोडे बरे पडतात, थोडा जास्त वेळ टिकतात. मग कंपनी त्यांना परदेशी शिकायला पाठवते आणि ते नवं रूप घेऊन परततात.

हरण्याने सुरुवात झालेला पैलवान कुठवर जातो बघा. ३० सप्टेंबर १९६० रोजी दोन नवखे एकाच दिवशी पहिल्यांदा लढले. एक २०९ सेंटिमीटर उंचीचा, आधी बेसबॉल खेळणारा जायंट बाबा. तो जिंकला. दुसरा ब्राझीलमधल्या कॉफीच्या मळ्यावरून रिकिदोझानने आणलेला मुलगा, तो हरला. तो हरलेला मुलगा म्हणजेच इनोकी. पुढे १९७२ मध्ये दोघांनी दोन कंपन्या काढल्या, आणि त्या दोन्ही कंपन्या आजही चालू आहेत. अलीकडचा काझुचिका ओकादाही तसाच. काळ्या चड्डीतला उंच, बारकासा मुलगा परदेशी गेला, जानेवारी २०१२ मध्ये सोनेरी थाटात परतला, आणि १२ फेब्रुवारीला त्याने हिरोशी तानाहाशीसारख्या मातब्बर विजेत्याकडून न्यू जपानचा सर्वांत मोठा पट्टा घेतला. ज्यांनी त्याला आधीपासून पडताना, हरताना बघितलं होतं, त्यांना त्या रात्री किती आनंद झाला असेल!

नियम फार नाहीत. दोन्ही खांदे जमिनीला लावून पंचाने तीन मोजले की हार. आपल्या दंगलीत चितपट झालं की झालं, इथे तीनपर्यंत दम धरायचा. पकडीत सापडलेल्याने दोरीला हात लावला की पकड सोडावी लागते. रिंगणाबाहेर गेलेल्याला न्यू जपानमध्ये वीस मोजेपर्यंत परत येता येतं. डब्ल्यूडब्ल्यूईत दहाच मोजतात, म्हणून पहिल्यांदा बघताना तुम्हाला उगीचच धडधड होईल.

वर्षातला मोठा दिवस ४ जानेवारी. १९९२ पासून दर वर्षी या दिवशी टोकियो डोम नावाच्या प्रचंड मैदानात न्यू जपानचा सोहळा होतो. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे पाऊस असताना, ‘जी-वन क्लायमॅक्स’ ही साखळी स्पर्धा चालते. चपळ, कमी वजनाच्या पैलवानांची स्पर्धा त्याच्या थोडी आधी येते, आणि उड्या बघायच्या तर तीच. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथला संध्याकाळी पाचचा कार्यक्रम लिंबायतमध्ये दुपारी दीडला दिसतो. रात्रीची जागरणं नाहीत, आईची बोलणी नाहीत. काही लढती फार रक्तबंबाळ असतात, त्या तुमच्यासाठी नाहीत, म्हणून काय बघायचं ते एकदा घरातल्या मोठ्या माणसाला दाखवून घ्या.

एक वही करा. कार्यक्रमाच्या पहिल्या एक-दोन लढती सोडून देऊ नका, यंग लायन बहुधा तिथेच असतात. काळ्या चड्डीतला एखादा दिसला की त्याचं नाव आणि तारीख लिहा, तो किती मिनिटं टिकला ते लिहा आणि पाठीवर पडताना त्याची हनुवटी आत होती का तेही लिहा. सहा महिन्यांनी त्याची नवी लढत बघून शेजारच्या पानावर हेच सगळं पुन्हा लिहा.